तुम्ही विचारलंत म्हणून: गांधींना मानणाऱ्याच्या हाती बंदूक कशी?

पश्चिम आशियावर कुठेही बोलायला गेलो आणि लेबनॉनमधल्या द्रूझ पंथाचा समाजवादी पुढारी कमाल जुंबलात याचं नाव निघालं, की शेवटी एक हात वर होतोच. "सर, गांधींना मानायचा म्हणता, वेदान्तासाठी केरळात यायचा म्हणता, मग पदरी सशस्त्र माणसं कशी काय?" पूर्वी मी 'तेव्हा परिस्थितीच तशी होती' म्हणून वेळ मारून न्यायचो. आता तसं सांगवत नाही.

आधी वाडा बघायला हवा. बैरूतच्या आग्नेयेला शूफचा डोंगर, त्यात मुख्तारा गाव आणि तिथे जुंबलातांचा दगडी वाडा. द्रूझांचं पुढारपण पिढ्यानपिढ्या या घरात. द्रूझ हा अकराव्या शतकात इस्माइली शियांमधून फुटलेला पंथ. धर्मग्रंथ फक्त दीक्षा घेतलेल्या 'उक्काल' मंडळींनी वाचायचे, आणि बाहेरच्याला पंथात प्रवेश नाही. कमाल 1917 चा. तो चार वर्षांचाही नव्हता तेव्हा वडिलांचा, फुआद जुंबलातांचा, खून झाला. पुढे पंचवीसेक वर्षं कारभार आईनं, सित्त नझीरानं, पाहिला. पोराला तिनं पाद्र्यांच्या शाळेत घातलं, मग पॅरिसला सोरबॉनमध्ये धाडलं.

1943 साली तो संसदेत गेला, 1946 च्या अखेरीस अर्थमंत्री झाला आणि 1949 च्या 1 मेला त्यानं प्रोग्रेसिव्ह सोशालिस्ट पार्टी काढली. घरची काही जमीन शेतकऱ्यांना वाटून टाकली. याच सुमारास भारताच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिरुवनंतपुरमचे आत्मानंद त्याचे गुरू. गंमत म्हणजे हे गुरू पोलीसखात्यात अधिकारी होते! द्रूझ पुनर्जन्म मानतात, देह पडताच आत्मा नवजात बाळात जातो असं समजतात. तेव्हा वेदान्त त्याला फार परका वाटला नसावा, हा आपला माझा अंदाज.

पण मुद्दा वेगळाच आहे. लेबनॉनमध्ये 1943 च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मारोनी पंथाचा ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया. आधार 1932 च्या जनगणनेचा, आणि त्यानंतर जनगणनाच नाही. द्रूझ माणूस कितीही मोठा झाला तरी मंत्रीच राहणार. कमाल शिक्षणमंत्री झाला, गृहमंत्री झाला. 1970 मध्ये गृहमंत्री असताना कम्युनिस्टांसकट बंदी असलेले पक्ष त्यानं कायदेशीर करून टाकले. राष्ट्राध्यक्ष मात्र त्याला फक्त पाडता येत होते. 1952 मध्ये बिशारा अल-खूरींना पायउतार व्हावं लागलं, त्यात त्याचा मोठा हात होता. तेव्हा रक्त सांडलं नाही. 1958 मध्ये राष्ट्राध्यक्ष कमील शमूनविरुद्ध मात्र शूफमध्ये बंदुका निघाल्या.

त्या बंदुका समाजवाद्यांच्या होत्या की जुंबलातांच्या? खरी मेख इथे आहे. पंथावर मतं मागू नका, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसामागे लोक उभे राहिले ते पंथाचा सरदार म्हणूनच. वाड्याची ताकद वापरून वाडेशाही मोडायला निघालेला माणूस होता तो, आणि हे त्याला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. 1972 मध्ये त्याला लेनिन शांतता पुरस्कार मिळाला. तीन वर्षांत यादवी पेटली आणि ख्रिस्ती पक्षांविरुद्धच्या डाव्या-पॅलेस्टिनी आघाडीचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. मार्च 1976 मध्ये तो सीरियाचा राष्ट्राध्यक्ष हाफिज असदला भेटला. आम्हाला जिंकू द्या, मध्ये पडू नका, एवढंच मागणं. असदनं पुढे भाषणात सांगितलं की, हा माणूस मारोनींशी एकशे चाळीस वर्षांचा जुना हिशेब चुकता करायला बघतोय. सांगणारा शत्रू आहे, तेव्हा जरा जपूनच घ्या. पण ती शंका माझ्याही मनातून जात नाही. जूनमध्ये सीरियाचं सैन्य आलं आणि डाव मोडला.

16 मार्च 1977 ला शूफमधल्याच रस्त्यावर गाडी अडवून त्याला आणि दोन अंगरक्षकांना गोळ्या घातल्या. बोट सीरियाकडे होतं. सूड मात्र आसपासच्या गावांतल्या ख्रिश्चनांवर उगवला गेला. शंभराहून अधिक माणसं मारली, ज्यांचा या खुनाशी काडीचा संबंध नव्हता. प्रश्न विचारणाऱ्यांना मी हेही सांगतो, मग सभागृहात जरा वेळ कोणी बोलत नाही.

मुलगा वलीद तेव्हा सत्तावीस वर्षांचा. चाळीस दिवसांचा दुखवटा सरला आणि तो दमास्कसला जाऊन असदला भेटून आला. दर 16 मार्चला बापाच्या कबरीवर फूल ठेवायला मुख्तारात गर्दी जमायची. डिसेंबर 2024 मध्ये सीरियात असदांची सत्ता गेली. त्यानंतरच्या 16 मार्चला वलीदनं जाहीर केलं की, हा कार्यक्रम आता बंद.