तुम्ही विचारलंत म्हणून : खापर फोडायचं की जाब विचारायचा?

प्रश्न साधारण असा येतो. राजकारण तापलं की रात्री वाईट स्वप्नं पडू लागतात. कुणीतरी पाठलाग करतं, घर पाण्याखाली जातं, दारावर थाप पडते, कागद मागितले जातात आणि ते काही केल्या सापडत नाहीत. या सगळ्यामागे नावडत्या पक्षाचा एखादा ओळखीचा चेहरा उभा असतो. सकाळपर्यंत भीती विरलेली असते, राग मात्र शिल्लक राहतो, आणि दिवसभर तो त्याच चेहऱ्यावर निघतो. मग विचारलं जातं : हे स्वप्न म्हणजे इशारा आहे की माझ्याच आतली भीती? पाठोपाठ, जरा दबकत, दुसरा प्रश्न येतो. आपण आपल्या भीतीशी झुंजत बसलो, तर त्या लोकांना मोकळं सोडल्यासारखं नाही का होणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही होणार. उलट भीती तशीच अंगावर वागवली, तर माणूस फक्त खापर फोडतो. खापर फोडायला एक डोकं पुरतं. जाब विचारायचा तर पद माहीत लागतं, तारीख लागते, कागद लागतो, आणि उत्तर येईपर्यंत टिकणारा धीर लागतो. घाबरलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

आता स्वप्नाकडे येऊ. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण निम्मी खरी आहे. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांनी नियमितपणे स्वप्नं लिहून ठेवणाऱ्या ४४ जणांची ८८० स्वप्नं तपासली. प्रत्येकाची हल्ल्याआधीची १० आणि नंतरची १०. नंतरच्या स्वप्नांतली मध्यवर्ती प्रतिमा जास्त तीव्र झाली होती, म्हणजे भावना नक्कीच उतरली होती. पण विमान इमारतीवर आदळतंय असं दृश्य एकाही स्वप्नात नव्हतं, आणि हे दृश्य तर त्या सगळ्यांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिलेलं होतं. मनात वसते ती भावना. चित्र ती हाताला लागेल ते उचलते. स्वप्नातला नेत्याचा चेहरा असाच उचललेला असतो. दिवसभर तो डोळ्यांपुढे होता, म्हणून तो मिळाला. त्याच्या अपराधाचा तो पुरावा होत नाही.

याचा अर्थ भीती खोटी असते असा मात्र कुणी काढू नये. शार्लोट बेराट या पत्रकार बाईंनी १९३३पासून देश सोडेपर्यंत, म्हणजे १९३९पर्यंत, नाझी जर्मनीतल्या लोकांची स्वप्नं गुपचूप टिपून ठेवली. टिपणं सांकेतिक भाषेत असत. हिटलरला ‘हान्स काका’ म्हटलेलं असे आणि अटकेला ‘फ्लू’. त्यातलं एक स्वप्न साठीच्या एका कारखानदाराचं आहे. प्रचारमंत्री गोबेल्स कारखान्यात येतो, कामगार दोन्ही बाजूंना रांगेत उभे राहतात, आणि मालकाला सलामीसाठी हात वर करायचा असतो. तो हात इंच इंच वर न्यायला त्याला अर्धा तास लागतो. हात वर जातो तेव्हा गोबेल्स म्हणतो, तुमची सलामी मला नको, आणि निघून जातो. मालक आपल्याच माणसांसमोर तसाच उभा राहतो. या माणसाची भीती पूर्णपणे रास्त होती. तरी स्वप्न नीट ऐका. कोणत्या खात्याने काय केलं हे त्यात कुठेच नाही. आपल्या माणसांदेखत कणा मोडण्याचं भय त्यात आहे. स्वप्न सांगतं ते एवढंच : तुम्हाला काय गमावण्याची धास्ती आहे. हे ओळखणं हेच पहिलं काम.

त्यासाठी उशाशी वही आणि पेन हवं. स्वप्नं सबंध रात्रभर पडू शकतात, पण सर्वांत ठसठशीत स्वप्नं बुबुळं वेगाने हलणाऱ्या झोपेत पडतात. ही अवस्था साधारण ९० मिनिटांच्या चक्राने येते, प्रौढांच्या एकूण झोपेचा सुमारे पाव ते पाचवा हिस्सा व्यापते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून दुःस्वप्नं बहुधा रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात गाठतात. जाग आली की कूस बदलू नका, फोन तर अजिबात उचलू नका. दोन-चार मिनिटांत स्वप्न निसटतं आणि फोनवरची पहिली बातमी त्याची जागा घेते. वर्तमानकाळात लिहा, ‘मी जिन्यात उभी आहे’ असं. पाच-सहा ओळी पुरेत. खाली एका शब्दात भावना लिहा, तिची तीव्रता दहापैकी किती ते लिहा, आणि शेवटी एक वाक्य : ‘या स्वप्नात माझं काय जात होतं?’ घर, इज्जत, मुलं, कामधंदा, आवाज, जे असेल ते. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. लोक ‘काय जात होतं’च्या ऐवजी ‘कोण नेत होतं’ ते लिहितात, आणि वही आठवड्याभरात आरोपपत्र होऊन बसते. नाव लिहावंसंच वाटलं तर लिहा, पण वेगळ्या पानावर. त्या पानाचा उपयोग पुढे आहे.

एकच स्वप्न परत परत येत असेल, तर त्यावर एक साधी आणि तपासलेली पद्धत आहे : जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून त्याची उजळणी करायची. बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या, दुःस्वप्नांनी त्रासलेल्या स्त्रियांवर तिची चाचणी घेतली. ती २००१मध्ये प्रसिद्ध झाली. दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीनेही २०१८मध्ये दुःस्वप्नांच्या विकारासाठी या पद्धतीची शिफारस केली.

सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नाने करायची नाही. तीव्रता दहापैकी चार-पाच असलेलं एखादं निवडा. समजा ते असं आहे : दारावर थाप, वर्दीतली माणसं आत, कागद दाखवा म्हणतात, कपाट उघडलं तर रिकामं. आता यातली कुठलीही एक गोष्ट बदला. कपाटात कागद असू द्या. किंवा थाप पडते तेव्हा घरात शेजारी बसलेले असू द्या. किंवा तुम्ही दारातच विचारता, ‘तुम्ही कुठल्या कार्यालयाकडून आलात? आदेश कुणाचा आहे?’ आणि समोरचा माणूस थांबून खिशातलं ओळखपत्र शोधू लागतो. बदल सर्वांत वाईट क्षणाच्या आधी हवा. कपाट रिकामं निघाल्यावर शेवट गोड करायला जाल तर दर वेळी त्या रिकाम्या कपाटातूनच जावं लागतं. नवं स्वप्न लिहून काढा आणि रोज दिवसा, जागेपणी, १० ते २० मिनिटं डोळ्यांपुढे आणा. रंग, आवाज, हाताला लागणारी दाराची कडी, सगळ्यासकट. आठवड्यात दोनापेक्षा जास्त स्वप्नांना हात लावू नका. काही आठवडे द्या.

फसतं कुठे? एक, जुनंच स्वप्न घोळवलं जातं, नव्याची उजळणी होतच नाही. दोन, उजळणी अंथरुणात पडल्या पडल्या केली जाते आणि त्याआधी तासभर वादाच्या चर्चा ऐकलेल्या असतात. झोपेआधीच्या दारूनेही काम बिघडतं. ती पहिल्या अर्ध्या रात्री बुबुळं हलणारी, स्वप्नांची झोप दाबते आणि मग पहाटे स्वप्नं दुप्पट जोराने उसळल्यासारखी वाटतात. तिसरी चूक या विषयात फार दिसते : नव्या शेवटात सूड घेतला जातो. त्या नेत्याला बुडताना पाहायचं, गर्दीने त्याला तुडवायचं. पद्धतीचा नियम ‘हवा तो बदल करा’ असाच आहे, त्यामुळे हे चूक म्हणता येत नाही. पण सुडाच्या शेवटात तो चेहरा खोलीतच राहतो आणि तुमची सगळी नजर त्याच्यावरच खिळते. ‘आदेश कुणाचा?’ असं विचारणारा शेवट जास्त टिकतो, कारण त्यात तुम्ही उभे असता. हे अनुभवावरून बनलेलं मत आहे, तेवढंच वजन त्याला द्यावं.

आणि एक अडसर. दुःस्वप्नं आठवड्याला एकदा किंवा त्याहून जास्त, महिनोन्‌महिने पडत असतील, झोपेची धास्ती वाटू लागली असेल, प्रत्यक्ष आघात सोसलेला असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारच्याला लागणं हेही डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्याचा राजकारणाशी काही संबंध नसतो. रक्तदाबाची किंवा नैराश्याची काही औषधंही स्वप्नं वाढवतात, ती मनाने बंद करू नयेत.

आता ते वेगळं पान. नावांचं.

पक्ष डोळ्यांवर चढला की दिसतं तेच बदलतं. अमेरिकेतल्या डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन शिक्षणसंस्थांत १९५१मध्ये फुटबॉलचा फार धसमुसळा सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रफीत दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेही खुद्द डार्टमथच्या मुलांना दिसले नाहीत. कुणी खोटं बोलत नव्हतं.

म्हणून ‘पक्षपात सोडा’ हा उपदेश निरुपयोगी आहे. उपयोगी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती मला या साऱ्या विषयातली सर्वांत आशादायक वाटते. अमेरिकेतल्या २००५च्या कतरिना चक्रीवादळानंतर नील मल्होत्रा आणि अलेक्झांडर कुओ यांनी लोकांपुढे सात अधिकारी-पुढाऱ्यांची नावं ठेवून दोष कुणाचा किती ते ठरवायला सांगितलं. काहींना नुसती नावं दिली, काहींना पक्षासह, काहींना पदासह, काहींना दोन्ही. पक्ष कळला की लोकांनी विरुद्ध पक्षाच्या माणसावर दोष टाकला. पण कोणाचं काम काय होतं हे कळलं, की त्यांचा निवाडा अधिक तत्त्वाला धरून झाला. माणसं तीच, घटना तीच. ओळ फक्त एक वाढवलेली.

ती ओळ आपल्या पानावर आपणच लिहायची. पक्षाचं नाव खोडा, पद लिहा. मग घटना एका वाक्यात, तारखेसह. मग त्या पदाकडे नेमका कोणता अधिकार होता : थांबवण्याचा, पैसा देण्याचा, तपासणीचा, की फक्त शिफारस करण्याचा. मग धोका त्यांना कधी कळला होता आणि तो कोणत्या कागदावर आहे. शेवटी, त्या दिवशी हाताशी असलेल्या माणसांत आणि पैशांत काय करणं शक्य होतं. पूल पडला असं समजा. आराखडा एकाचा, तपासणी दुसऱ्याची, दुरुस्तीचा निधी अडवणारा तिसरा, वाहतूक बंद करण्याचा अधिकार चौथ्याचा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. डेनिस थॉम्पसन यांनी १९८०मध्ये या अडचणीला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हटलं. तो सोडवायचा तर तारखा एकाखाली एक मांडाव्या लागतात. निधी नाकारला तेव्हा खुर्चीत कोण होतं आणि पूल पडला तेव्हा कोण होतं, ही दोन उत्तरं वेगळी असू शकतात, कधी कधी दोन वेगळ्या पक्षांची. इथेच पुष्कळांची लेखणी अडते, कारण आपल्या माणसाचं पद समोर येतं. तेव्हा पदावरचा माणूस मनातल्या मनात बदलून पाहा. विरुद्ध पक्षाचा असता तर हाच प्रश्न याच शब्दांत विचारला असता का? शब्द बदलावेसे वाटले तर पान फाडून पुन्हा लिहा.

प्रश्न कुठे न्यायचा तेही ठरवावं लागतं. डच अभ्यासक मार्क बोव्हेन्स यांनी २००७मध्ये केलेली मांडणी इथे कामाची आहे : उत्तर देणं भाग असलेला माणूस, प्रश्न विचारून निवाडा करू शकणारं व्यासपीठ, आणि परिणामाची शक्यता. सभागृह, न्यायालय, लेखापरीक्षक, मतदान ही अशी व्यासपीठं. रात्री अकराला गटात टाकलेला संदेश हे तसं व्यासपीठ नाही. तिथे उत्तर देणं कुणालाच भाग नसतं.

आणि जाब फक्त पडलेल्या पुलाचा विचारायचा नसतो. अँड्र्यू हीली आणि मल्होत्रा यांनी २००९मध्ये अमेरिकेतल्या मतांचा अभ्यास करून दाखवलं, की मतदार आपत्तीनंतरच्या मदतीला दाद देतात, आधीच्या तयारीला देत नाहीत. त्यांच्याच हिशेबाने तयारीवरचा १ डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो. ज्याने निमूटपणे तपासणी करून पूल उभा ठेवला, तो कुणाच्याही स्वप्नात येत नाही. त्याच्यासाठीही एक पान ठेवा. कोणती तपासणी झाली, कधी, पुढची कधी आहे.

प्रश्न पाठवलात की वहीत उत्तराची मुदत लिहा आणि ते पान दिवसा उघडा, झोपायच्या वेळी नको. मुदत टळली तर त्याच प्रश्नाखाली नवी तारीख आणि वरचं पद लिहून तो पुन्हा पाठवा. स्वप्नांची पानं वहीच्या पुढच्या बाजूने लिहा, ही मागच्या बाजूने. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका.