उपाशीपोटीचं रक्त आणि फॉर्ममधला एक रकाना

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बाईचं वजन वाढलं की ती चांगली बातमीच समजतात. माझ्या एचआयव्हीच्या जुन्या गोळ्यांमध्ये स्टॅव्हुडिन नावाचं औषध होतं. त्याने गाल बसले, हातापायांच्या शिरा वर आल्या. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की "बरं नाही का गं?" हे ठरलेलं. पुढे टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी) सुरू झाली, अंग भरलं, ब्लाउज उसवून मोठे करावे लागले, आणि सासूबाई म्हणाल्या, "आता कशी माणसात आलीस!" साखरेचं नाव कुणीच काढलं नाही. दरवेळी वजन ग्रीन बुकात, म्हणजे उपचार केंद्राच्या माझ्या नोंदवहीत, लिहिलं जायचं, ते चढत चाललं होतं. शेवटी समुपदेशक ताईंनी मागची पानं उलटून बघितली आणि टेप आणून कंबर मोजली. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या वर मधुमेहाचा धोका धरतात, पुरुषांसाठी 90. बीएमआयसुद्धा (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आपल्याला 23 पासूनच जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: उपाशीपोटी साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). इथपर्यंत सगळं सुरळीत.

अडलं ते लॅबच्या खिडकीवर. त्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, रांग जिन्यापर्यंत, आणि खिडकीतल्या भाईंनी फॉर्म परत सरकवला. "सोबतचे आजार" हा रकाना मी कोरा ठेवला होता. "बेन, खाली नहीं चाले," म्हणजे कोरा चालणार नाही. मी म्हटलं, साखर तपासायची आहे, चिठ्ठीवर लिहिलंय. ते म्हणाले, कुठल्या विभागातून आलात, कसली औषधं चालू आहेत, सगळं भरा. आवाज खणखणीत. मागे माझ्याच गल्लीतली एक बाई उभी होती. मी फॉर्म घेऊन बाजूला झाले. वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यांनी परत खाली पाठवलं. खाली आले तेव्हा उपाशीपोटीचे नमुने घेण्याची वेळ संपली होती. "काले आवजो," उद्या या, एवढंच म्हणाले. डोकं दुखत होतं, हात थरथरत होते. आणखी एक रात्र उपाशी राहून तीच रांग, तोच रकाना. आज लिहितानाही तो राग गेलेला नाही.

दुसऱ्या वेळी समुपदेशक ताईंशी फोनवर बोलून गेले. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कोर्टाचा आदेश नसेल तर आपल्याला एचआयव्ही आहे की नाही हे सांगायची सक्ती कुणीही करू शकत नाही, आणि आपल्या संमतीशिवाय ते दुसऱ्याला सांगताही येत नाही. खिडकीवर सांगून भागलं नाही, तेव्हा मी वरिष्ठ तंत्रज्ञांना बाहेर बोलवायला लावलं. ते म्हणाले, स्टाफच्या सुरक्षिततेसाठी विचारतो. मी म्हटलं, "भाई, हातमोजे आणि सुईची काळजी तर प्रत्येक नमुन्याला घ्यायची असते ना?" ते क्षणभर थांबले, रकान्यावर आडवी रेघ मारली, सही केली. रक्त घ्यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला फार अभिमान वाटला, आणि तो लपवायचं कारण नाही.

निकाल आला तो असा: एचबीएवनसी 5.6, म्हणजे चोख नॉर्मल. उपाशीपोटी साखर 131. पुन्हा तपासली तरी 126 च्या वरच, म्हणजे मधुमेह. एचआयव्ही असलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांत एचबीएवनसी खरी साखर कमी दाखवते, कारण आजारामुळे आणि काही औषधांमुळे लाल पेशींमध्ये फरक पडलेला असतो. झिडोव्हुडिन किंवा अबाकॅव्हिर ही एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांनी तर उपाशीपोटीच्या साखरेचाच आग्रह धरावा. ही तपासणी एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करताना, त्या बदलल्यावर तीन ते सहा महिन्यांनी, आणि नंतर दरवर्षी. चिठ्ठीवर नुसतं एचबीएवनसी असेल तर दुसरी तपासणी मागून घ्या.

पण एवढ्यावरून टीएलडी थांबवू नका. तिच्यातल्या डोल्युटेग्रॅविरवर वजन वाढू शकतं हे खरं. आधी दिल्या जाणाऱ्या टीएलई या गोळीतलं एफाव्हिरेन्झ वजन थोडं रोखून धरायचं, ते बंद झाल्यानेही फरक पडतो. पण विषाणू दबलेला राहणं सगळ्यात आधी. वजनाचं बोलणं डॉक्टरांशी करावं, गोळी आपल्या मनाने सोडू नये. मी पहाटे कमाटीबागेत चालते, सेव-उसळ महिन्यातून एखाद्या वेळी.

खिडकीवर सांगायची गरज नाही, पण साखरेची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना टीएलडी चालू आहे हे जरूर सांगा. डोल्युटेग्रॅविरमुळे मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध शरीरातून उशिरा बाहेर पडतं, म्हणून दोन्ही सोबत असतील तर मेटफॉर्मिन दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. मला 500 ने सुरू केलं. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसलं म्हणून मी घाबरले होते, पण डोल्युटेग्रॅविरने तो आकडा किडनी बिघडल्याशिवायही किंचित वर जातो, असं डॉक्टरांनी समजावलं.

कॅल्शियमचं राहिलंच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेत असाल तर ती जेवणाबरोबर टीएलडीसोबत चालते. रिकाम्या पोटी मात्र टीएलडी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. आणि खिडकीवर कुणी अडवलं तर 1097 वर फोन करा, तो मोफत आहे.