विमानतळ-अंतराची शीट: ते साठ किलोमीटर कुठून आले?

दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ काढणारी शीट मी बनवतोय. मागच्या नोंदीत ती 'जवळजवळ झाली' म्हणालो होतो, ते मागे घेतो. न्यूयॉर्क जेएफके ते लंडन हीथ्रो हे अंतर माझ्याकडे ५६०० किमी येत होतं, यायला हवं ५५४०. मी खुशाल पृथ्वीवर खापर फोडलं: ती ध्रुवांकडे चपटी (विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८, ध्रुवीय ६३५७ किमी) आणि मी हॅवरसाइन सूत्रात (अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं अंतर काढणाऱ्या) सरसकट ६३७१ किमी त्रिज्या धरून तिला गोल केलेली. पण गोल धरल्याने चूक फार तर अर्ध्या टक्क्याची होते, ही एक टक्क्याच्या वर होती.

मग सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो हानेदा टाकून पाहिलं. १५७० किमी! एवढ्यात तर निम्मा पॅसिफिकही ओलांडून होत नाही. पश्चिम रेखांश वजा लिहायचे असतात, आणि अमेरिकेतल्या विमानतळांना ते वजाचं चिन्ह द्यायचं राहिलं होतं. ते दिल्यावर सुमारे ८२९० आलं. हीथ्रो शून्य रेखांशाला इतकं खेटून आहे की न्यूयॉर्क पूर्वेला नेऊन ठेवलं तरी अंतर जेमतेम साठ किमीने हलतं. तेव्हा सूत्र तपासायला ही जोडी घेऊच नका. (त्याआधी अंशांचे रेडियन करायला विसरलो होतो. तो किस्सा नको.)

आता लंबगोलाचं, म्हणजे डब्ल्यूजीएस-८४ चं (जीपीएस वापरतं ते पृथ्वीच्या चपट्या आकाराचं मॉडेल) गणितही बसवलंय. त्यात न्यूयॉर्क-लंडन अंतर ५५५४ किमी येतं, म्हणजे जवळपास ३००० नॉटिकल मैल.

अंतर सुटलं, वेळ मात्र छळतेय. ताशी ९०० किमीने भागून ६ तास १० मिनिटं आली आणि मी दोन्ही दिशांना तीच लावली. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे हे चालायचं नाही. म्हणून वाऱ्याचा वेगळा कॉलम केला. वारा ताशी १०० किमी धरला तर न्यूयॉर्कहून लंडनला जाताना ५ तास ३३ मिनिटं, येताना ६ तास ५७. गंमत अशी, की जाताना वाचलेलं येताना फिटत नाही, एकूण ९ मिनिटं जास्तच जातात. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं ना! फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. तेवढी वेळ शीटमधून काढायला मला वारा ताशी सव्वादोनशेच्या वर न्यावा लागला.

चढणं-उतरणं आणि टॅक्सीसाठी (विमानाचं गेट ते धावपट्टी जमिनीवरून जाणं-येणं) सध्या सरसकट अर्धा तास जोडतोय. गर्दीच्या विमानतळांवर तो अपुरा पडतो, कारण वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. पुढच्या खेपेला टॅक्सीचा आकडा विमानतळागणिक वेगळा ठेवेन, आणि वाऱ्याचा महिन्यागणिक.