माझा अनुभव: डूममधल्या ‘नोस्ट्रोमो’ला गुण देताना

१९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटातलं नोस्ट्रोमो हे मालवाहू यान डूम २ या राक्षसांवर गोळ्या झाडण्याच्या गेममध्ये उभं करणारी एक लेव्हल परीक्षणाला आली. सोबतच्या टिपणात एक ओळ होती: मूळ १९९४ च्या गेमवर चालते, नवं इंजिन लागत नाही. ही ओळ मी खूण करून ठेवली. असा दावा केला की तो तपासण्यातच निम्मा वेळ जातो.

गुणांची वाटणी मी खेळायला बसण्याआधीच करतो, नाहीतर आवडीनिवडीप्रमाणे ती नंतर हलते. खेळाला ४०, वातावरणाला २५, तांत्रिक बाजूला २० आणि चित्रपटाशी साम्याला १५. साम्याला सर्वांत कमी, कारण सेट कॅमेऱ्यासाठी बांधलेला असतो आणि कॅमेरा प्रमाणाच्या बाबतीत सर्रास फसवतो. याच चित्रपटात परक्या यानातलं दालन अवाढव्य दिसावं म्हणून काही दृश्यांत लहान मुलांना अंतराळवीरांचे पोशाख घालून उभं केलं होतं. पडद्यावरून मापं काढून नकाशा आखणारा अशा ठिकाणी हमखास चुकतो. नोस्ट्रोमोच्या बाबतीत एक सोय मात्र आहे. त्याचे मजले खोल्या आणि बोळांसकट सलग बांधले होते, नटांना त्या बोळांतूनच ये-जा करावी लागायची. म्हणजे कुठली खोली कुठे उघडते, हे ताडून पाहता येतं.

पहिली फेरी काहीही न बघता, सर्वांत कठीणच्या एक पायरी खालच्या (पाचांतल्या चौथ्या) पातळीवर, फक्त पिस्तूल आणि ५० गोळ्या घेऊन. डेमो, म्हणजे खेळाची नोंद, रेकॉर्ड करत खेळतो, म्हणजे कुठे अडलो ते नंतर आठवणीवर सोडावं लागत नाही. दुसऱ्या फेरीत लेव्हल अल्टिमेट डूम बिल्डर या नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो. तिसरी फेरी चॉकलेट डूमवर, कारण ते मूळ गेमच्या मर्यादा जशाच्या तशा पाळतं. चौथ्या फेरीत राक्षसांच्या सोप्या, मधल्या आणि कठीण अशा तिन्ही मांडण्या.

आधी मजल्यांचं. चित्रपटात यानाचे ए, बी, सी असे तीन मजले आहेत. डूमच्या मूळ इंजिनात एका खोलीवर दुसरी खोली येऊच शकत नाही. नकाशावरच्या प्रत्येक बिंदूला एक फरशी आणि एक छत. या लेव्हलमध्ये ए मजला उत्तरेला ० उंचीवर (सगळी मापं गेमच्या एककांत), बी पूर्वेला उणे १६० वर आणि सी दक्षिणेला उणे ३२० वर ठेवला होता, मधे दोन लिफ्ट. दोन का? साधी लिफ्ट शेजारच्या सर्वांत खालच्या फरशीपर्यंत उतरते, तीन सेकंद थांबते आणि वर येते. मधला थांबा तिला कळत नाही. ऑटोमॅप, म्हणजे गेममधला नकाशा, उघडला की तिन्ही मजले पंख्यासारखे पसरलेले दिसतात आणि जहाजाचा भास मोडतो. याचे गुण मी कापले नाहीत. इंजिन जे देतच नाही, त्याचा दोष करणाऱ्याच्या माथी मारायचा नाही.

बोळांची गोष्ट वेगळी. नोस्ट्रोमोचे बोळ कोपरे कापलेले, अष्टकोनी वाटतात. डूममध्ये तिरकी फरशी नाही, म्हणून दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारख्या पट्ट्या लावाव्या लागतात. इथे मधे ६४ रुंदीची वाट होती आणि कडेला १६ रुंदीच्या पट्ट्या, प्रत्येक ८ ने उंच. छतालाही उलट्या पायऱ्या. खेळाडू एका वेळी २४ पर्यंत चढू शकतो, म्हणून पायही अडत नाही. मधल्या छताची उंची ७२. डोळा फरशीपासून ४१ वर असतो, त्यामुळे ७२ चं छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. १२८ ची सवय असलेल्या नकाशाकाराला एवढं खाली यायला धीर लागतो. दिसायला हे बोळ अप्रतिम होते.

पण घात तिथेच झाला. इंजिन फरशा आणि छतं रंगवताना उंची, पोत आणि उजेड यांच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीला स्वतंत्र ‘व्हिसप्लेन’ खर्ची घालतं आणि मूळ गेममध्ये त्यांची मर्यादा १२८ आहे. जेवणघराच्या दारात उभं राहून तीन बोळ एकदम दिसले की पट्ट्या, त्यांची छतं, वर प्रत्येक टप्प्यावर बदलता उजेड. चॉकलेट डूम तिथे सरळ बंद पडलं. करणाऱ्याने बहुधा मर्यादा काढून टाकलेल्या इंजिनावरच तपासलं असावं. बिल्डरमधल्या व्हिसप्लेन एक्सप्लोररनेही तीच जागा दाखवली. उपाय अवघड नाही: पट्ट्यांना एकच उजेड द्यायचा आणि बोळाला एक वळण द्यायचं, म्हणजे तिन्ही एकाच वेळी नजरेत येत नाहीत.

आता गोळ्यांचा हिशेब, जो फार थोडे परीक्षक कागदावर मांडतात. चौथ्या पातळीवरचे राक्षस, कंसात प्रत्येकाचा जीव: २४ इम्प (६०), ९ स्पेक्टर (१५०), ६ हेल नाइट (५००) आणि २ बॅरन (१०००). एकूण जीव ७७९०. शॉटगनच्या काडतुसात ७ छर्रे, सगळे लागले तर सरासरी ७०. दुनळी शॉटगन नव्हतीच. नकाशात काडतुसं ९६, म्हणजे ६७२०. हातातल्या आणि सापडणाऱ्या गोळ्या १००, प्रत्येकी सरासरी १०, म्हणजे १०००. बेरीज ७७२०, आणि तीही एकही छर्रा वाया न जाता. मी किमान चौथा भाग वाया धरतो. राक्षसांना आपसांत भिडवून थोडं वाचतं, पण नाइट आणि बॅरन एकमेकांच्या अग्निगोळ्यांनी जखमी होत नाहीत.

सगळ्यांना मारलंच पाहिजे असं नाही. हा चित्रपट पळण्याचाच आहे, तेव्हा तुटवडा मुद्दाम असेल तर माझी हरकत नसते. पण निळी किल्ली ६४ रुंदीच्या बोळाच्या टोकाला आणि त्यात बॅरन. त्याची रुंदी ४८, खेळाडूची ३२, दोन्ही मिळून ८०. बाजूने निसटताच येत नाही. १००० जीवाच्या बॅरनला बुक्क्यांनी मारत बसणं म्हणजे भीतीचा कंटाळा होणं.

आवाजाचंही तसंच. गोळीचा आवाज उघड्या जागांतून पसरतो आणि ‘ध्वनिरोधक’ खुणेच्या दोन रेषा ओलांडू शकत नाही, एक ओलांडतो. इथे दोन मजल्यांच्या मधे एकेकच रेष होती, त्यामुळे ए वरच्या पहिल्या गोळीने बी मजल्यावरचे राक्षस जागे. डूमचं पूर्ण रूप पालटणाऱ्या १९९४ च्या ‘एलियन्स टीसी’चा पहिला नकाशा एकाही राक्षसाशिवाय घाम फोडतो. शांतता हेच इथलं भांडवल, ते असं उधळायचं नसतं.

चित्रपटातल्यासारखी यानाच्या स्वयंविनाशाची उलटगणती मात्र मला मनापासून आवडली. नकाशातल्या सेक्टरला, म्हणजे एका भागाला, चौदा हा प्रकार-क्रमांक दिला की त्याचं दार पाच मिनिटांनी उघडतं, पण लेव्हल सुरू झाल्यापासून. बटण दाबल्यापासून नाही. म्हणून करणाऱ्याने दूर एका बंद खोलीत खेळाडूची दुसरी बाहुली (तिला लागलं की खेळाडूलाही लागतं) ठेवली आणि वर १०,५०० उंचीवरून खाली येणारं चिरडणारं छत. हळू छत सेकंदाला ३५ सरकतं, म्हणजे ३०० सेकंद. बाहुली चिरडली की खेळाडू मेला. लखलखाटाला मात्र सेक्टरचा २ हा प्रकार-क्रमांक वापरल्यामुळे प्रत्येक बोळ आपापल्या तालात मिचमिचत होता. १३ दिला की सगळे एकत्र होतात. शिवाय चार दारांच्या चौकटीचा पोत दाराबरोबर वर सरकत होता. ‘लोअर अनपेग्ड’ खूण राहिली की हे होतंच.

गुण: खेळ २२, वातावरण २१, तांत्रिक ११, साम्य १२. एकूण ६६. दुरुस्त फाइलमध्ये किल्लीचा बोळ ९६ रुंद, काडतुसांच्या २० च्या दोन पेट्या जास्त, आणि जेवणघरापुढे एक वळण. ते वळण चित्रपटात कुठेही नाही. चॉकलेट डूमवर शेवटपर्यंत चालली. खेळ ३१, तांत्रिक १६, बाकी तेच, ८०.