सव्वादोन वर्षांच्या मुलीची दुपार

रात्री पावणेएकला फोन वाजला. फ्लोरिडात तेव्हा दुपारचे सव्वातीन.

"ताई, गोंडोला बंद केलाय. पाऊस नुसता कोसळतोय. हिला आत्ता कुठे झोप लागलीय. बसने जायचं तर गाडी मिटवावी लागेल म्हणतात. मी काय करू?"

गोंडोला म्हणजे हॉटेल आणि पार्क यांच्यामधला रोपवे, गाडी म्हणजे बाबागाडी. मी लोकांच्या सहली आखून देते, आणि ती गाडी मिटवावी लागू नये म्हणूनच मी त्या दिवसाची सगळी जुळणी केली होती. सहा जणांचं ते कुटुंब परत येऊन बरेच महिने झाले, तरी ही फाइल माझ्या डोक्यातून जात नाही.

फेब्रुवारीत ते माझ्यासमोर बसले होते. आई-बाबा, १५ वर्षांचा मुलगा, १३ वर्षांची मुलगी, सव्वादोन वर्षांची छकुली आणि गुडघ्यांनी त्रासलेली आजी. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑरलँडो, सात रात्री. बाबांचा एकच प्रश्न होता, "सगळ्यात चांगलं हॉटेल कुठलं?"

आमच्या टेबलांवर या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं. स्क्रीन वळवायची, पोहण्याच्या तलावाचा फोटो दाखवायचा, घसरगुंडी दाखवायची. मुलं "हेच, हेच" म्हणतात आणि बुकिंग होतं. माझे सहकारी तासाभरात मोकळे होतात आणि माझी एक फाइल तीन दिवस चालते, हे मला अनेकदा ऐकवलं गेलंय. पण तलावात सात दिवसांत मिळून पाच-सहा तास जातात. उरलेला वेळ जातो तो खोलीतून पार्कात आणि पार्कातून खोलीत. आमच्या बुकिंगच्या पडद्यावर मुलाचं वय विचारायची चौकट आहे. ते दुपारी किती वाजता झोपतं, चालत्या बाबागाडीत झोपतं की पलंगच लागतो, हे विचारायला जागाच नाही. तेच मी वहीत लिहून घेते. छकुलीच्या नावापुढे लिहिलं होतं: एक ते साडेतीन, बाबागाडीत लागते, उचललं की उठते, उठली की रात्रीपर्यंत किरकिर. ही शेवटची ओळ आजींनी सांगितली होती.

मुलांची उंचीही मी सेंटिमीटरमध्ये लिहून घेते. थोरल्या दोघांना सगळीकडे प्रवेश होता. छकुली ८७ भरली. डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कातल्या स्लिंकी डॉगच्या छोट्या रोलरकोस्टरला ९७ लागतात, म्हणजे ते नाही. शेजारच्या फिरत्या तबकड्यांना ८१ पुरतात, म्हणजे त्या चालतील. प्रत्येक पार्कासाठी अशी यादी केली की कुठला दिवस कुणाचा आहे ते दिसू लागतं.

डिस्नेचा तिथला पसारा साधारण १०० चौरस किलोमीटरचा आहे. चार पार्क (मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंग्डम) आणि पंचवीसहून जास्त हॉटेलं. बहुतेक हॉटेलांतून पार्कात जायला बस असते, आणि बसमध्ये चढताना बाबागाडी मिटवावी लागते. रात्री दहा वाजता, आतषबाजीनंतरच्या गर्दीत, खांद्यावर झोपलेलं मूल, हातात मिटवलेली गाडी आणि शेजारी गुडघे धरलेली आजी. हे चित्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. म्हणून अशा कुटुंबासाठी मी आधी बघते की कुठून बस टाळता येईल.

काँटेम्पररी हॉटेलमधून मॅजिक किंग्डमला दहा-बारा मिनिटांत चालत जाता येतं, शिवाय मोनोरेल हॉटेलच्या पोटातूनच जाते आणि तिच्यात बाबागाडी न मिटवता ढकलत नेता येते. पण तिथे दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि ते बजेटच्या फार पलीकडे होतं. बीच क्लब एपकॉटच्या मागच्या दाराशी आहे आणि त्याच्या तलावाला वाळूचा तळ आहे. तिथेही तोच हिशोब आडवा आला. आजींना अ‍ॅनिमल किंग्डम लॉज आवडलं, कारण तिथल्या काही खोल्यांच्या सज्जातून जिराफ दिसतात. छकुलीलाही ते आवडलंच असतं. पण तिथून प्रत्येक पार्काला बसच. मी ते खोडलं तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत.

शेवटी मी आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचा फॅमिली स्वीट काढला. स्वस्तातल्या गटातलं हॉटेल म्हणून आमच्याकडचे लोक त्याकडे बघतही नाहीत. मला मात्र तो स्वीट अशा घरांसाठी हिरा वाटतो. सुमारे ५६५ चौरस फूट, दोन न्हाणीघरं, फ्रिज, मायक्रोवेव्ह, आणि आतली झोपायची खोली दार लावून वेगळी करता येते. लहान मूल आत अंधारात झोपलं तरी थोरली भावंडं बाहेर दिवा लावून बसू शकतात. घरात किशोरवयीन मुलं आणि तान्हं एकत्र असलं की त्या एका दाराची किंमत कळते. दोन खोल्या घ्यायच्या तर त्या कनेक्टिंग हव्यात, म्हणजे मधे आतलं दार हवं. नुसत्या शेजारी-शेजारी चालत नाहीत, आणि व्हाउचरवर "विनंती" लिहिलं असेल तर ती हमी नसते. दुसऱ्या एका शहरातल्या हॉटेलात माझ्या एका कुटुंबाला दोन वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या मिळाल्या होत्या. तेव्हापासून "विनंती" हा शब्द दिसला की मला धडकी भरते.

स्वीटमध्ये सहा जणांची सोय असते. तीन वर्षांखालचं एक मूल पाळण्यात झोपणार असेल तर ते मोजत नाहीत, पण आम्हाला त्याची गरज नव्हती. तिकिटांचा घोळ वेगळाच. तीन वर्षांखाली पार्कात फुकट, तीन ते नऊ लहान, दहापासून पुढे प्रौढ. हॉटेलात मात्र अठराच्या आत लहानच. तेरा वर्षांची ती मुलगी एकाच बिलात तिकिटाला प्रौढ होती आणि खोलीला मूल. शिवाय पडद्यावरच्या खोलीभाड्यात १२.५ टक्के कर धरलेला नसतो. बेरजा चुकतात त्या इथे.

आणि स्कायलाइनर. हे गोंडोले २०१९ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाले. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनच्या स्थानकावरून बसायचं, कॅरिबियन बीचला बदलायचं, तिथून एक फाटा हॉलिवूड स्टुडिओजला जातो आणि एक एपकॉटला. बाबागाडी झोपलेल्या मुलासकट सरळ आत ढकलायची. चार पार्कांपैकी दोन पार्क असे बसशिवाय गाठता येतात, तेही स्वस्तातल्या हॉटेलातून. हे सापडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

राहिली थोरली दोघं. त्यांना डिस्नेपेक्षा युनिव्हर्सल हवं होतं, म्हणजे ऑरलँडोतलेच दुसऱ्या कंपनीचे पार्क. मुलाने व्हेलोसीकोस्टरचं नाव घेतलं. २०२१ चा तो रोलरकोस्टर, किमान उंची १३० सेंटिमीटर. तेवढी दोघांचीही होती. पण त्या पार्कात सव्वादोन वर्षांची मुलगी आणि आजी दिवसभर करणार काय? मग माझ्या आवडीची युक्ती. युनिव्हर्सलच्या तीन प्रीमियर हॉटेलांत, म्हणजे पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिकमध्ये राहिलं की जुन्या दोन्ही पार्कांतल्या बहुतेक राइडना रांग टाळणारा एक्सप्रेस पास मोफत मिळतो, आणि तो येण्याच्या व जाण्याच्या दोन्ही दिवशी चालतो. एक रात्र राहायचं, दोन दिवस वापरायचा. २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्काला मात्र तो लागू नाही. ते मी तीनदा बजावते, कारण पोरं तिकडेच धाव घेतात.

तर ठरलं असं: चौथ्या दिवशी सकाळी बाबा आणि थोरली दोघं रॉयल पॅसिफिकला जाणार, पाचव्या दिवशी रात्री परत. आई, आजी आणि छकुली स्वीटमध्येच. बसने जायचे पार्क बाबा असतानाच्या दिवसांत टाकले. बाबा नसताना हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉट, कारण तिथे गोंडोला जातो आणि गाडी मिटवायला दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. साहेबांनी ती आयटिनररी बघून "हे नमुना म्हणून ठेव" असं म्हटलं, आणि ते सहसा असं म्हणत नाहीत.

बारा पानांच्या त्या कागदात सातव्या पानावर मी लिहिलं होतं: "वीज चमकत असल्यास स्कायलाइनर काही काळ बंद राहतो." खरंच लिहिलं होतं. नंतर मी काढून पाहिलं.

उन्हाळ्यात मध्य फ्लोरिडात दुपारी वीज-वादळ होणं हा अपघात नाही, तिथला तो नित्यक्रम आहे. दोन्ही बाजूंच्या समुद्रावरून येणारे दमट वारे भूभागाच्या मध्यावर भिडतात, हवा वर चढते आणि दुपारी ढग फुटतात. वीज जवळ आली की गोंडोला थांबवतात, आणि थांबवायलाच हवा. त्याऐवजी बस सोडतात. पण दुपारी वादळ होतं आणि दुपारीच मूल झोपतं. मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या. एका ओळीत कधी आणल्या नाहीत.

त्या दिवशी त्यांना बाहेर पडायला उशीर झाला. छकुलीला तबकड्यांवर दुसऱ्यांदा बसायचं होतं. पावणेतीनला ती बाबागाडीत झोपली, तीनला त्या स्थानकाशी पोहोचल्या, आणि पाच मिनिटांत गोंडोला थांबला. बसच्या रांगेत अख्खं पार्क. बाबांना फोन लावला तर ते मुलांबरोबर राइडमध्ये, फोन लॉकरमध्ये. मग माझा नंबर.

मी त्यांना बसच्या रांगेत उभं राहू दिलं नाही. म्हटलं, परत आत जा, त्याच तिकिटावर आत घेतात. दारातून आत गेल्यावर लगेच गेस्ट रिलेशन्स, तिला लागून बेबी केअर सेंटर. डिस्नेच्या प्रत्येक पार्कात ते असतं: थंड, शांत, कपडे बदलायला टेबलं, दूध गरम करायला मायक्रोवेव्ह, बसायला खुर्च्या. हे पहिल्या पानावर असायला हवं होतं, ते होतं नवव्या.

त्या पोहोचल्या तोवर आजींची साडी पोटऱ्यांपर्यंत भिजली होती आणि मेघांच्या गडगडाटाने छकुली उठून रडत होती. पुढचा तासभर आम्ही अधूनमधून बोलत राहिलो. साडेचारनंतर गोंडोला सुरू झाला. आजींचा गुडघा सुजला, म्हणून दुसऱ्या दिवशीचं एपकॉट रद्द. आई दिवसभर त्याच दाराच्या आत अंधारात छकुलीजवळ बसून होत्या. त्या दाराचं कौतुक मीच त्यांच्याकडे केलं होतं.

परतल्यावर बाबा मिठाई घेऊन आले. "तुमची ती एक रात्रीची युक्ती! दोन दिवसांत पोरांनी सगळं पार पाडलं. मुलगा अजून त्याच गप्पा मारतो." सांगताना ते उजळले होते, आणि ते खरंच होतं. पंधरा वर्षांच्या मुलाने बापाबरोबर दोन दिवस खिदळावं असे दिवस घरात किती येतात? मला त्याचं समाधान आहे.

आई मागाहून एकट्या आल्या, बिलातला काही तपशील विचारायला. निघताना म्हणाल्या, "हॉटेल छान होतं. पण त्या स्थानकात मला वाटलं, सगळ्यांची सुट्टी आहे आणि माझी ड्यूटी."

त्यांनी तक्रार केली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. मी उंच्या विचारल्या होत्या, झोपेच्या वेळा विचारल्या होत्या, गुडघे विचारले होते. मुलाला काय आवडतं, मुलीला काय आवडतं, सगळं वहीत आहे. आईच्या नावापुढे फक्त पासपोर्टचा नंबर आहे. फेब्रुवारीतल्या त्या बैठकीत मी बाबांना युक्ती सांगत होते तेव्हा त्या छकुलीला मांडीवर घेऊन बिस्किट भरवत होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाहून "तुम्ही दोघी-तिघी आरामात राहाल" असं म्हटलं होतं. त्या हसल्या होत्या. ते मी होकार म्हणून धरलं.

स्वीट चुकीचा नव्हता, आजही त्याच कुटुंबाला मी तोच देईन. युनिव्हर्सलची रात्रही देईन. पण त्या दोन दिवसांत बाबागाडीमागे कोण राहणार, हे मी विचारलंच नाही. बाबा जाणार हे मी मनातच धरलं होतं, आणि का, याचं मला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही. रोलरकोस्टर कुणाला आवडतात हा प्रश्न त्या घरात मी फक्त दोन मुलांना विचारला.

मागच्या आठवड्यात आईंचा फोन आला. पुढच्या सुट्टीत पुन्हा तिकडेच. मुलगी आता १४ ची झालीय, म्हणजे डिस्नेच्या पार्कात भावाशिवायही एकटी आत जाऊ शकते. छकुली तिसरं ओलांडेल, तिचं तिकीट लागेल. हे सगळं मी सांगत होते, त्यांनी मधेच थांबवलं.

"ती एका रात्रीची खोली आहे ना ताई, ती माझ्या नावावर करा. मी आणि मुलगी. त्यांना म्हटलंय, दोन दिवस छकुली तुमच्याकडे."

मी विचारलं, "उंच राइड चालतात तुम्हाला?"

"लग्नाआधी एकही सोडत नव्हते," त्या म्हणाल्या.

वहीत मी त्यांच्या नावापुढे ते लिहिलं. मग बाबांना फोन करून मिटवलेली बाबागाडी एका हाताने कशी उचलायची ते समजावलं.