बाबांबरोबर कँटरबरीला

बाबांच्या तेवीस वाऱ्या झाल्यात. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत असताना वर्षभराची रजा ते आषाढासाठी राखून ठेवायचे. यंदा मात्र आषाढीला ते माझ्याकडे, इंग्लंडात केंटमध्ये होते. वारी चुकली आणि माणूस गप्प झाला. सप्टेंबरात मी म्हटलं, "बाबा, इथंही एक वारी होती. साडेतीनशेहून जास्त वर्षं चालली."

"कुणाची?"

मी थॉमस बेकेटची गोष्ट सांगितली. दुसऱ्या हेन्री राजाचा जिवलग मित्र. राजानंच त्याला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख केलं आणि मग चर्चच्या अधिकारांवरून दोघांचं बिनसलं. २९ डिसेंबर ११७० ला राजाच्या चार सरदारांनी त्याला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच कापून काढलं. अडीच वर्षांच्या आत पोपनं त्याला संत ठरवलं.

"लोकांनी त्याच्या आधीच ठरवलं असणार," बाबा म्हणाले आणि बूट शोधायला उठले.

लंडनपासून सगळी वाट चालायला माझी रजा पुरणार नव्हती. म्हणून शेवटचा टप्पा धरला, फॅव्हरशॅम ते कँटरबरी. जेमतेम सोळा किलोमीटर, वारीच्या हिशेबानं निम्मा दिवस. रविवारी फॅव्हरशॅमला मुक्काम, सोमवारी पहाटे प्रस्थान.

फॅव्हरशॅममध्ये शिरलं की आधी वास येतो, उकडलेल्या धान्याचा. गावात १६९८ सालची ब्रुअरी अजून चालू आहे. पण मला बाबांना दाखवायची होती ती चार्ट मिल्स. हे गाव काही शतकं बंदुकीची दारू बनवत होतं. १७५९ मध्ये सरकारनं इथले कारखाने विकत घेतले. ट्रफाल्गर आणि वॉटर्लूच्या लढायांत तोफांना इथली दारू गेली. पाणचक्कीवर फिरणारी जाडजूड चाकं पाहून बाबा म्हणाले, "अगं, हा तर तेलाचा घाणा!" मग त्यांनी बोटांवर हिशेब केला, "सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा, गंधक दहा." त्या काळी सोऱ्याचा मोठा वाटा बिहारमधून, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा. हे ऐकून मात्र ते जरा वेळ चाकाकडे बघत राहिले.

संध्याकाळी आम्ही कबरस्तानात गेलो. गावाबाहेर उप्लीजच्या दलदलीत पहिल्या महायुद्धात स्फोटकांचा कारखाना होता. २ एप्रिल १९१६ ला रिकाम्या पोत्यांना लागलेली आग टीएनटीपर्यंत पोचली. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यातली त्र्याहत्तर इथं एकाच कबरीत आहेत. मेलेल्यांत एकही बाई नाही, कारण तो रविवार होता आणि बायकांना सुटी होती.

बाबा हात जोडून उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या गेटवर काडेपेटीसाठी झडती व्हायची. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, अजून दारातून जाताना मी खिसे चाचपतो."

सोमवारी निघालो. गावाच्या कडेला, ऑस्प्रिंजला, यात्रेकरूंसाठी तेराव्या शतकात बांधलेल्या धर्मशाळेचा एक तुकडा अजून उभा आहे. समोरून ट्रक धडधडत जातात. पुढचा रस्ता तसा कंटाळवाणाच. बॉटनच्या आसपास हॉप्सचे मळे लागले. उंच तारांवर चढवलेले वेल, त्याला हिरवी कणसासारखी फुलं. बिअरला कडवटपणा त्यांचाच. मळ्याशेजारी हॉप्स सुकवायच्या गोल भट्ट्या दिसतात, डोक्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी पांढरी लाकडी टोपी. आता त्यांत श्रीमंत लोक राहतात. यंत्रं येईपर्यंत दर सप्टेंबरात लंडनच्या ईस्ट एंडमधली गरीब कुटुंबं पोराबाळांसकट इथं तोडणीला यायची, झोपड्यांत राहायची. "ऊसतोडीसारखं," बाबा म्हणाले. मी म्हटलं, ते याला सुटी म्हणायचे. "म्हणणारच. घर कसलं असेल त्यांचं!"

बॉटनची टेकडी दिवेघाटापुढं काहीच नाही, पण दम मलाच लागला.

हार्बलडाउनला सेंट निकोलस चर्च आहे. १०८४ च्या सुमारास आर्चबिशप लॅनफ्रँकनं इथं कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला डच पंडित इरॅस्मस मित्राबरोबर या वाटेनं गेला. आश्रमातल्या एका म्हाताऱ्यानं संत थॉमसच्या बुटाचं जुनं कातडं पुढं केलं, मुका घ्या म्हणून. मित्र भडकला. इरॅस्मसला म्हाताऱ्याची दया आली, त्यानं एक नाणं दिलं.

"पादुकाच की त्या!" बाबा थांबलेच. "पादुकांना डोकं टेकवायचं तर भडकायचं काय त्यात?"

मी काही बोलले नाही. मला त्या मित्राचं पटत होतं, अजूनही पटतं. पण बाबांच्या पालखीत तेवीस वर्षं पादुकाच होत्या.

इथूनच यात्रेकरूंना कॅथेड्रलचं पहिलं दर्शन व्हायचं. झाडांमधून मनोरा दिसला तसं बाबा म्हणाले, "वेळापूरचा धावा." धावले नाहीत, पण पाय उचलला.

शहराबाहेर सेंट डन्स्टन चर्च लागतं. जुलै ११७४ मध्ये मित्राच्या खुनाचं प्रायश्चित्त घ्यायला आलेल्या हेन्रीनं इथं राजवस्त्रं उतरवली आणि तो अनवाणी पुढं गेला. याच चर्चमध्ये दुसऱ्या एका थॉमसचं, थॉमस मोर या विद्वान मंत्र्याचं शिर पुरलेलं आहे. त्याला मारलं आठव्या हेन्रीनं, १५३५ मध्ये. तीन वर्षांनी त्याच राजानं बेकेटची समाधीही फोडली. इंग्लंडच्या हेन्रींना थॉमस मानवत नसावेत.

बाबांनी बूट काढून माझ्या पिशवीत टाकले.

"बाबा, फुटपाथवर काचा असतील."

"राजा गेला ना?"

मग कॉफीची दुकानं, शाळेची पोरं, वेस्टगेटची जाडजूड कमान, सगळ्यांतून माझे बाबा अनवाणी.

कॅथेड्रलमध्ये समाधीकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्या मध्ये खोलगट झाल्यात, गुडघ्यांनी चढणाऱ्यांमुळे. बाबा वाकले, पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला. वर समाधीच्या जागी काहीच नाही. नुसती फरशी आणि तिच्यावर एक जळती मेणबत्ती. बाबा बराच वेळ बघत होते.

"विटेवर कुणीच नाही गं."

खाली उतरल्यावर लोक मेणबत्त्या लावत होते. बाबांनी एक घेतली आणि सवयीनं खिसे चाचपले. काडेपेटी त्यांच्याकडे कधीच नसते. शेवटी एका अनोळखी बाईनं नुकत्याच लावलेल्या मेणबत्तीवरून त्यांनी आपली पेटवून घेतली.