तुम्ही विचारलंत म्हणून : ज्युनियरची मॅच बघायला कशाला जाता?

"हर्लिंगचा सीझन जुलैत संपतो ना? मग नोव्हेंबरच्या पावसात तुम्ही त्या ज्युनियरच्या मॅचला कशाला जाता?" हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाबद्दल आयर्लंडच्या कॉर्कमधली मराठी मंडळी गणपतीत भेटली की हे विचारतात, आणि सांगलीहून धाकटा भाऊ फोनवर तेच विचारतो. नव्याने आलेल्यांचा आणखी एक प्रश्न ठरलेला असतो : "ज्युनियर म्हणजे शाळेतली पोरं ना?"

शाळेतली पोरं नाहीत, चांगली मोठी माणसं असतात. हर्लिंगमध्ये ज्युनियरचा वयाशी संबंध नाही, ती दर्जाची पायरी आहे. प्रत्येक काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, क्लबांच्या वरपासून खाली सीनियर, इंटरमीजिएट आणि ज्युनियर अशा पायऱ्या असतात. मोठ्या गावांचे आणि शहरांचे क्लब बहुधा वर असतात. एक चर्च, एक शाळा, दोन पब आणि आजूबाजूला गाईंची कुरणं, अशा वस्तीचा क्लब बहुतेक वेळा ज्युनियरमध्ये सापडतो. काउंटी जिंकली की प्रांताची स्पर्धा लागते. आमचा प्रांत मुन्स्टर. त्यात कॉर्क, केरी, लिमरिक, टिपररी, क्लेअर आणि वॉटरफर्ड अशा सहा काउंट्या. प्रत्येकीचा ज्युनियर विजेता उतरतो, आणि हरला की घरी. प्रांत जिंकला तर पुढे ऑल-आयर्लंड, आणि त्याची फायनल जानेवारीत डब्लिनच्या क्रोक पार्कवर.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला पंधरा जण, हातात ॲशच्या लाकडाची चपट्या टोकाची हर्ली, आणि चामड्याचा छोटा कडक चेंडू, त्याला स्लिटर म्हणतात. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. त्यामुळे १-१६ असा स्कोअर दिसला की तो एकोणीस समजायचा. क्लबची मॅच साठ मिनिटांची. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं, पण तेसुद्धा २०१० पासून.

आता का जातो ते सांगतो. काउंटीत ज्युनियर जिंकलेला क्लब पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर जातो. म्हणजे आज जो मुन्स्टर ज्युनियरचा चषक उचलतो, तो बहुतेक वेळा पुढच्या वर्षी या स्पर्धेत नसतोच. जगभर विजेता आपला चषक राखायला परत येतो. इथे तो राखताच येत नाही. ही संधी एखाद्या गावाला एका पिढीत एकदा मिळते, कधीकधी तीही नाही. हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना तर त्याहून जास्त. म्हणून एक पॉइंट मागे असताना शेवटच्या पाच मिनिटांत जे खेळलं जातं, तसं मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही.

या नियमाला वळसा पडल्याचं एक उदाहरण आमच्याच भागात घडलं. मिचल्सटाउनजवळचा बॅलीगिब्लिन हा क्लब २०२१ च्या हंगामात कॉर्क आणि मुन्स्टर जिंकून क्रोक पार्कला पोचला आणि २०२२ च्या सुरुवातीला झालेल्या फायनलमध्ये किलकेनी काउंटीच्या मूनकॉइन क्लबकडून हरला. एरवी गोष्ट तिथेच संपायची. पण त्याच वर्षी कॉर्कने आपल्या पायऱ्या बदलल्या आणि प्रीमियर ज्युनियर नावाची नवी पायरी काढली. बॅलीगिब्लिन वर चढला तो या पायरीवर, आणि मुन्स्टर ज्युनियरला आता याच पायरीचा विजेता जाणार होता. त्यांनी तीही जिंकली, मुन्स्टरही पुन्हा जिंकलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये स्लायगो काउंटीच्या ईस्की क्लबला हरवून ऑल-आयर्लंड घेतलं. हरलेल्या गावाला दुसऱ्याच वर्षी तीच दारं पुन्हा उघडी मिळाली, असं या स्पर्धेत जवळजवळ होत नाही.

मूनकॉइनविरुद्धच्या त्या फायनलमध्ये बॅलीगिब्लिनकडून मार्क कीन खेळला होता. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात कॉलिंगवुड क्लबकडून तिथल्या पद्धतीचा व्यावसायिक फुटबॉल खेळत होता, आणि २०२० मध्ये आयरिश पद्धतीच्या गेलिक फुटबॉलमध्ये कॉर्ककडून केरीविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल मारून त्याने सगळ्या कॉर्कला नाचवलं होतं. असा खेळाडू ज्युनियर हर्लिंगला का येतो? कारण तो त्याच वस्तीचा आहे. खेळाडू आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, क्लबाकडून खेळतो. पगार नाही, बोली नाही. चांगला गोलकीपर हवा म्हणून शेजारच्या गावातून आणता येत नाही. जे आहेत त्यांतूनच पंधरा काढायचे, आणि त्यातले दोघं वसंतात सिडनीला निघून गेले तर उरलेल्यांतून.

आमच्या पलीकडच्या घरातला एक जण फुलबॅक, म्हणजे गोलासमोरचा बचावपटू, म्हणून खेळतो. त्याच्या गोठ्यात दुभत्या गाई आहेत. रविवारी दुपारी मॅच असली तरी सकाळचं दूध काढल्याशिवाय सुटका नाही, आणि मॅच संपली की संध्याकाळचं दूध काढायला परत. मॅचच्या आदल्या रात्री त्याला मी स्वयंपाकघरात हर्लीला पकड बसवताना पाहिलं आहे. जुनी पट्टी सोलून काढायची, दांड्यावर नवी चिकटती पट्टी ताणून गुंडाळायची, मुठीत धरून बघायची, पुन्हा सोडवायची. चपट्या टोकाला पत्र्याची पट्टी ठोकलेली असते, तिचे खिळे वर आले नाहीत ना, हे अंगठ्याने चाचपून बघायचं. अशा तीन हर्ल्या तयार ठेवायच्या, कारण एखादी मोडणारच. मोडली की बाजूला उभा असलेला क्लबचाच कुणीतरी नवी घेऊन धावतो. अलीकडे ॲशची झाडं रोगाने मरू लागली आहेत. हा रोग आयर्लंडमध्ये २०१२ साली सापडला, लाकूड बाहेरून आणावं लागतं, आणि बांबूच्या हर्ल्याही दिसतात. आमचा फुलबॅक मात्र ॲशच्याच घेतो.

आमच्याकडे जत्रेत कुस्तीचा फड लागतो, तिथे पैलवान कुणाचा हे नावाआधी गावावरून सांगतात. इथेही तसंच. शेजारी उभी असलेली बाई मला खेळाडूचं नाव सांगत नाही. "तो पोस्टमास्तरचा नातू, याची आई शाळेत शिकवते, तो बारा नंबर म्हणजे डोंगराकडच्या घरातला" असं सांगते. साठ मिनिटांत अख्ख्या गावाची ओळख होते. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे किती मोलाचं असतं! मला इथली माणसं ऑफिसात कळली नाहीत. ती या कुंपणाशी कळली, हातात कागदी पेल्यातला चहा आणि समोर चिखल असताना.

खेळ सीनियरइतका सफाईदार नसतो, हे खरं आहे. चेंडू चिखलात अडकतो, सात-आठ हर्ल्या त्यावर एकदम पडतात, सोपे पॉइंट खांबाबाहेर जातात. ज्याला फक्त कौशल्य बघायचं आहे त्याने जुलैत क्रोक पार्कवर काउंटी संघांची फायनल बघावी, ते बघण्यासारखंच आहे.

मात्र ज्युनियर म्हणजे कमकुवत, असंही समजू नका. किलकेनीचा ज्युनियर विजेता आला की बाकीच्यांना घाम फुटतो. त्या काउंटीत हर्लिंगशिवाय दुसरं काही नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तिथली तिसरी पायरीसुद्धा दुसरीकडच्या पहिलीला भारी पडते. नऊ ऑल-आयर्लंड पदकं मिळवलेल्या नोएल स्केहान या गोलकीपरचा क्लब बेनेट्सब्रिज. एके काळी किलकेनीत दादा असलेला हा क्लब घसरत ज्युनियरपर्यंत आला होता. २०१५ मध्ये त्यांनी ऑल-आयर्लंड ज्युनियर जिंकलं आणि लगेच २०१६ मध्ये इंटरमीजिएट. २०१५ च्या त्या फायनलमध्ये समोर होते मँचेस्टरचे फुलेन गेल्स, म्हणजे पोटासाठी समुद्र ओलांडलेल्या आयरिश माणसांचा क्लब. ते क्रोक पार्कवर उतरू शकतात, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. घरापासून दूर असलेल्यांनाही या स्पर्धेत जागा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २०२२ पासून काउंटीच्या संघांचा, म्हणजे क्लबांतून निवडलेल्या खेळाडूंच्या संघांचा, सीझन जुलैत संपतो आणि पुढचे महिने क्लबांचे असतात. काउंटी संघांची फायनल पुन्हा सप्टेंबरात न्यावी, असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पूर्वी काउंटीच्या सामन्यांपायी क्लबच्या मॅच पुढे पुढे ढकलल्या जायच्या, आणि ज्या पोराला क्लबशिवाय दुसरं काही खेळायचंच नव्हतं तो उन्हाळाभर तारखेची वाट बघत बसायचा. आता त्याला त्याचे महिने मिळाले आहेत. ते काढून घेऊ नयेत.

तर यायचं असेल तर या. प्रांताच्या मॅच ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत असतात. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा, गमबूट घाला, छत्री नको, टोपीचा रेनकोट आणा, कारण छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही. गोलामागे उभे राहू नका, तिथे पांढऱ्या कोटातले अंपायर पॉइंटला पांढरा आणि गोलला हिरवा झेंडा उचलतात एवढंच कळेल. मधल्या रेषेपाशी, राखीव खेळाडू अंग गरम करतात तिथे थांबा. लाकडावर लाकूड आदळल्याचा आवाज तिथून नीट येतो. आणि "कुणाचे तुम्ही?" असं कुणी विचारलं तर राहत्या घराजवळच्या क्लबाचं नाव सांगा. पुढचं बोलणं ते करतील.